शिळेवरची सासू

राजाची टिंगल छापायला कायद्याने बंदी आली, तेव्हा पॅरिसच्या चित्रकारांनी आपला मोर्चा सासवांकडे वळवला. सासवांना कायद्याचं संरक्षण नव्हतं. झेलीचा नवरा फिलिबेर त्यांतलाच एक. तो छापखान्याच्या दगडावर चित्र काढी, त्याचे कागद निघत, आणि झेली घरी बसून त्यांत रंग भरी.

झेलीने चित्रकाराशी लग्न केलं म्हणून तिची आई, मादाम ब्रुशे, वर्षानुवर्षं रुसून होती. आत्ता कुठे ती रविवारची जेवायला येऊ लागली होती. झेलीने नवऱ्याला बजावलं, "आईचं चित्र काढलंस तर ती पुन्हा हा जिना चढणार नाही."

"काढलं तरी कळतंय कुणाला?"

दगडावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. डाव्या गालावरची चामखीळ उजवीकडे गेली की बाई दुसरीच. अशी अख्खी गल्ली त्याने कुणाला न कळता चितारून पचवली होती.

पण त्या रविवारी दाढ दुखते म्हणून तो जेवणावरून उठला, सासूकडे पाठ करून शेकोटीपाशी बसला आणि वरच्या आरशात बघून तिला टिपत राहिला. आरशाने उलटं केलेलं दगडाने सुलटं केलं. छापून आली ती साक्षात मादाम ब्रुशे, कोंबडीची तंगडी संशयाने हुंगणारी, चामखीळ जागच्या जागी.

गठ्ठा रंगवायला आला तेव्हा झेलीने कपाळावर हात मारला. चामखिळीवर कुंचला फिरवला की काम भागणार होतं. तिने कुंचला उचललाही. मग ती हुंगलेली तंगडी पाहिली. सकाळभर खपून ती कोंबडी तिनेच शिजवली होती. तिने कुंचला लाल रंगात बुडवला आणि नाक रंगवलं. चामखिळीला हात लावला नाही.

पुढच्या रविवारी आई कागद फडकावतच आली.

"जावईबापू, ही मीच ना?"

"छे हो, ही कुणीतरी..."

"थापा नकोत. हुबेहूब जमलंय. तुमचा धंदाच तो, तुम्हाला काय बोलायचं? पण हे नाक कुणी रंगवलं?"

छापखान्यात रंग भरणाऱ्या बायकांवर ढकलता आलं असतं.

"मी," झेली म्हणाली.

"माझं नाक लाल आहे?"

"दुसऱ्या पेल्यानंतर होतं, आई."

मादाम ब्रुशे खुर्ची ओढून बसली. "जावईबापू, हिला वाढायला सांगा."

रविवार तिने पुढेही चुकवला नाही. जावयाशी ती पोटभर गप्पा मारी. झेलीच्या हाताशी असलेलं मीठसुद्धा त्याच्यामार्फत मागे, ते अगदी मरेपर्यंत.