हात पुढे, शाई मागे

इंदुरात जी गोष्ट सगळे सुलट करतात ती माझा मावसभाऊ उलट करतो, आणि गंमत अशी की ती त्याला आपल्यापेक्षा चांगली जमते. केळं तो बुडाकडून सोलतो. घड्याळ उजव्या मनगटावर बांधतो. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतो आणि पहिल्या पानाशी पोचेपर्यंत त्याला झोप लागते, त्यामुळे देशात काय चाललं आहे याचा त्याला आजवर कधी त्रास झालेला नाही. लग्नाच्या जेवणात सगळे वरण-भाताकडे वळतात तेव्हा हा रबडीच्या कढईपाशी पहिला उभा असतो. कुणी टोकलं तर म्हणतो, "भिया, रबडी ख़तम होते. वरण कधी ख़तम झालेलं पाहिलंय?" आता त्याला पंचाहत्तर पूर्ण झाली, मला अठ्ठ्याहत्तर. आम्ही एका घरात वाढलो. त्याच्याविषयी लिहिण्याचा हक्क माझ्याइतका कुणाचा नाही, आणि त्याच्याविषयी पसरलेली एक खोटी गोष्ट दुरुस्त करण्याची जबाबदारीही माझ्याइतकी कुणाची नाही.

पोलोग्राउंडच्या एका पंपाच्या कारखान्यात त्याने उभा जन्म सुपरवायझर म्हणून काढला. यंत्रावर त्याचा हात सफाईने चाले, पण कागदावर आला की त्याच हाताचं माकड होई. त्याने फळ्यावर लिहिलेली सूचना वाचायला कामगार त्यालाच बोलावून आणत, आणि तो चष्मा पुसून, दोनदा डोळे बारीक करून, गंभीरपणे विचारी, "ये लिखा किसने है?" एकदा त्याचा रजेचा अर्ज साहेबांनी लग्नाचं आमंत्रण समजून त्याचं अभिनंदन केलं. याने अभिनंदन स्वीकारलं आणि रजाही घेतली. अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी, पहाटेच्या चहाला, आपण फ़ारसी मुळाक्षरं हाताने लिहायला शिकणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा घरात आठवडाभर हसू पुरलं. त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, फोनवर येतं ना फ़ारसी. टाइप करा." तो म्हणाला, "टाइप करायला अंगठा पुरतो गं. मला हाताने करायचंय."

फ़ारसीच का, याचं उत्तर तो माणूस पाहून देई. डॉक्टरांना सांगितलं की मेंदूला व्यायाम. शेजाऱ्यांना सांगितलं की होळकरांच्या वेळचे कागद वाचणार. मला म्हणाला, "दादा, उर्दूला अक्षरं जादा आहेत. फ़ारसीला बत्तीसच. दात पण बत्तीस. इकडे एकेक पडतोय, तिकडे एकेक भरतोय, हिसाब बराबर." रानीपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत एक बाई राहतात. कॉलेजात फ़ारसी शिकवून त्या निवृत्त झाल्या, आता घरी चार मुलींना शिकवतात. सगळे त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणतात. वयाने त्या याच्याहून दहा वर्षांनी लहान, पण हाही पहिल्या दिवसापासून "आपा, आपा" करू लागला.

शिकवणी सुरू झाली आणि अक्षरं घरभर सांडली. फ़ारसीत बे, पे, ते ही अक्षरं म्हणजे एकच होडी. खाली एक ठिपका दिला की बे, खाली तीन दिले की पे, वर दोन दिले की ते. सकाळी पोह्यांच्या दुकानावर हा प्लेटमध्ये शेवेची होडी करी आणि डाळिंबाचे दाणे वेचून ठिपके मांडी. पोहे थंड होत, मागे रांग लागे. दुकानदार ओरडे, "काकाजी, खा रहे हो के लिख रहे हो?" हा म्हणे, "रुक यार, एक दाना कम पड़ रहा है." दुकानदारही इंदुरीच. त्याने ओरडतच दाणा आणून दिला. मग आपांनी तख़्ती दिली. ही एक मुठीची लाकडी पाटी. तिच्यावर मुलतानी माती सारवायची, वाळवायची, लिहायचं आणि धुऊन पुन्हा सारवायचं. लवकर वाळावी म्हणून हा ती बिल्डिंगच्या अंगणात दोन्ही हातांनी हवेत फिरवी. पहिल्या दिवशी वॉचमन धावत आला. त्याला वाटलं, काका कुणाला तरी मारायला निघाले. दुसऱ्या दिवशी बायकोने तीच तख़्ती पालथी घालून तिच्यावर पापड वाळत घातले, तर हा भांडला नाही. फक्त म्हणाला, "उडदाचे ठिपके छान पडलेत."

अक्षरांना त्याने नातेवाईकही वाटून टाकले. फ़ारसीत सात अक्षरं अशी आहेत की ती मागच्या अक्षराला जोडून घेतात, पण पुढच्याला हात देत नाहीत. हे कळल्यावर तो फार खूश झाला. "दादा, ही तर बिल्कुल अपनी फॅमिली! मागच्याचं सगळं घेणार, पुढच्याला काही देणार नाही." मग दाल म्हणजे धाकटे काका, रे म्हणजे आत्या, असं चाललं. मी विचारलं, "आणि मी?" त्याने हवेत बोटाने एक उभी रेघ ओढली. "तू अलिफ़. एकदम सीधा. कुठे वाकतोस तू?" हसत म्हणाला, पण अलिफ़ त्या सातांतच येतं, हे मला माहीत झालं होतं.

कारण मीही त्या शिकवणीला जात होतो. शिकायला नव्हे, राखणीला. त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलीने स्कूटरची चावी काढून घेतली आणि मला म्हणाली, "दादाकाका, तुम्ही बरोबर जात जा. जरा लक्ष ठेवा त्यांच्यावर." आठवड्यातून दोनदा आम्ही ई-रिक्षाने जायचो. तो मुलींच्या ओळीत जमिनीवर मांडी घालून बसे आणि मी समोरच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत. त्याच्यावर लक्ष ठेवण्याचं काम माझ्याकडे हे दुसऱ्यांदा आलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हाची गोष्टच मला दुरुस्त करायची आहे.

त्याच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वाकलेली आहे. चहाचा कप धरला की ती एकटीच दुसरीकडे बघत असते. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडलो, असं तो सांगतो. हा किस्सा आमच्या गोतावळ्यात इतका लाडका आहे की लग्नामुंजीत त्याची फर्माईश होते, आणि दर फर्माइशीला झाड वाढतं. माझ्या लग्नात ते गच्चीला टेकलं होतं. त्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत त्यावर माकडं आली. किस्सा रंगला की तो माझ्याकडे बोट करतो, "विचारा दादाला, हा खालीच उभा होता." सगळे माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो. आयुष्यभर मी ही मान डोलावत आलो.

झाड नव्हतं. आमच्या अंगणात एक तुळस होती, आणि तुळशीवरून कुणी पडत नाही. त्याचे वडील रेल्वेत होते, त्यांच्या स्टेशनला शाळा नव्हती, म्हणून तो लहानपणी आमच्याकडे राहायला आला. माझ्या वडिलांना अक्षराचं वेड. सुंदर अक्षर हाच खरा दागिना, हे वाक्य ते आमच्या जेवणात मिठासारखं वाढत. दर रविवारी आम्हा दोघांचे बोरू ते स्वतः तासून देत. पण हा डावरा. बोरू हातात आला की याचा डावा हात पुढे होई, आणि ओल्या अक्षरांवरून हात सरकत गेला की कित्ता फासला जाई. वडिलांनी मला सांगितलं, "लक्ष ठेव. डाव्या हाताने लिहिताना दिसला तर मला सांग." दिसण्याची गरजच नव्हती. डाव्याने लिहिलं की हाताची करंगळीकडची कड शाईने काळी होते. रोज संध्याकाळी मी त्याचा हात धरून उलटा करून बघत असे. कड काळी असली की विचारायचो, "बाबांना सांगू?" तो म्हणे, "नको ना, दादा." हे काम मला आवडायचं, तेही लिहायला हवं. एके दिवशी कड काळी दिसली आणि मी सांगायला गेलो नाही. लाकडी रूळ उचलला आणि त्या कडेवर मारला.

वडील आले, सुजलेला हात पाहिला, काय झालं म्हणून विचारलं. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तो रडत रडत म्हणाला, "पेरूच्या झाडावरून पडलो, काका." कुठल्या झाडावरून, तर म्हणे शेजारच्यांच्या. त्यानंतर लिहिण्यासाठी त्याने डावा हात पुन्हा उचलला नाही. वडील समाधानाने म्हणाले, पडला ते पडला, पण खोड गेली. त्याचं अक्षर पुढे जे झालं त्याला घरात सगळे आळस म्हणत. मीही म्हणत असे.

आपांकडेही तो उजव्यानेच लिहायचा. त्या म्हणायच्या, "जनाब, ये अलिफ़ है, बिजली का खंभा नहीं." त्याची बे म्हणजे बुडालेली होडी. महिनोन्महिने तसंच चाललं. एका दुपारी तो तख़्तीला माती सारवत होता. डाव्या हाताने, सफाईने, एकही रेघ न उठवता. आपा बघत राहिल्या. "आप बाएँ हाथ के हैं क्या?"

त्या पिकलेल्या माणसाने मातीचा हात झटकन पाठीमागे नेला. "नहीं आपा, वो तो बस यूँ ही."

"तो छुपा क्यों रहे हैं? चोरी की है?"

मुली हसल्या. मी खुर्चीत बसून होतो. आपांनी नवा बोरू घेतला, चाकू घेतला आणि टोक छाटताना चाकूचा कल दुसऱ्या बाजूला झुकवला. "हमारे उस्ताद तो हाथ बदलवा देते थे," त्या म्हणाल्या. "मुझसे नहीं होता. मैं क़लम का कट बदल देती हूँ. लीजिए, अब लिखिए."

त्याने तो बोरू डाव्या हातात घेतला. वाकडी करंगळी बाहेर राहिली. अलिफ़ वरून खाली उतरलं, मग उजवीकडून होडी निघाली आणि डावीकडे गेली. हात पुढे चालला होता आणि शाई त्याच्यामागे वाळत होती. हाताला एक थेंब लागला नाही. "या अल्लाह," आपा म्हणाल्या, "इतने दिन किससे लिखवा रहे थे?" मला आमचे रविवार आठवत होते. वडील मन लावून दोन बोरू तासत. दोन्हींचा कट एकाच बाजूचा.

परतताना रिक्षात मी विचारलं, "मग इतके दिवस उजव्याने का लिहीत होतास?"

"दादा, खरं सांगू? याच्याचसाठी आलो होतो. इथे बाजारात एक पेंटर दुकानाचा बोर्ड लिहीत होता, उजवीकडून. मी भर रस्त्यात स्कूटर लावून बघत राहिलो. म्हटलं, अरे, ही तर अपनी लिपी! हात पुढे, शाई मागे. डाव्याने लिहिलं तर काही फासणारच नाही."

"मग?"

"मग काय. बोरू घेतला आणि हिंमत नाही झाली." तो बाहेर बघत होता. "तू बसला होतास ना समोर."

टोमणा नव्हता त्यात. एवढं सांगून त्याने रिक्षावाल्याला कचोरीच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं.

त्याच्या पंचाहत्तरीला मुलीने हॉल घेतला, दोनशे माणसं बोलावली आणि माइक माझ्या हातात दिला. "दादाकाका, पेरूच्या झाडाचा किस्सा!" टाळ्या पडल्या. मी ठरवूनच आलो होतो. म्हटलं, "आज खरं सांगतो. झाड नव्हतं..."

"झाड नव्हतं, जंगल होतं!" हा खुर्चीतून ओरडला. हॉल हसून लोटपोट. मी पुन्हा म्हटलं, "नाही, ऐका, ती करंगळी मी..." तर हा उठला, माझ्या हातातून माइक घेतला आणि त्या जंगलात एक वाघही आणून सोडला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "विचारा दादाला." दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. या वेळी मी मान डोलावली नाही, पण कुणाच्या ते लक्षात आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. कागद मध्ये बोलत नाही.

त्यानंतरच्या शिकवणीला आपा मला म्हणाल्या, "आप कोने में बैठे-बैठे थकते नहीं? आइए." त्याने सरकून जागा दिली आणि नेहमीच्या कटाचा बोरू माझ्यापुढे ठेवला. मी मांडी घालून बसलो आणि बेच्या ओळी लिहिल्या. अक्षर माझं घरात नावाजलेलं, पण त्या दिवशी एक होडी दुसरीवर आपटत गेली. पलीकडे तो ठिपके देत होता, मोती ठेवावे तसे.

येताना रिक्षा कृष्णपुऱ्याच्या पुलावर गर्दीत अडकली. शेजारी होळकरांच्या समाधी-छत्र्यांच्या कळसांवर ऊन उतरलं होतं. तो अचानक म्हणाला, "हात दाखव."

मी उजवा हात पुढे केला. त्याने तो मनगटाशी धरला आणि उलटा केला. करंगळीकडची कड सगळी काळी झाली होती. त्याने ती नीट पाहिली, मी पाहत असे तशीच. माझे वडील जाऊन चाळीस वर्षं होत आली.

"काकांना सांगू?" तो म्हणाला.

मला हसू आलं आणि हसता येईना. मी म्हटलं, "नको ना रे."

त्याने बाटलीतलं पाणी रुमालावर घेतलं आणि वाकडी करंगळी बाहेर ठेवून माझी कड पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता. रिक्षा हलली तेव्हा म्हणाला, "राहू दे, दादा. एवढ्यात नाही जात ही. घरी गेल्यावर खोबरेल लाव."

खोबरेलाने शाई जाते हे त्याला कुठून माहीत, ते मी विचारलं नाही.