उपरण्याखालचं चेंबर

'चेंबर ऑफ कॉमर्स' हे शब्द कुणी रुबाबात उच्चारले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शब्दांचा त्यात काही दोष नाही. तो कुणाचा, ते सांगते.

मी शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढले. तिथल्या शाळेत इंग्रजी शिकले, टायपिंग शिकले आणि त्या जोरावर दौंडला शाळेत शिक्षिका झाले. राहायचे मावशीकडे. मावशी विधवा. रोज पहाटे उठून बाजरीच्या भाकरी थापायची आणि पिठलं, खर्डा, कांदा असं सगळं पाटीत घालून रेल्वेच्या मालधक्क्याच्या फाटकाशी जाऊन बसायची. हमाल, खलाशी, फायरमन तिच्याकडे जेवत. आणखी पाच-सहा बायका तिच्या ओळीनं बसत. आई गेल्यावर माझी फी भरली गेली ती ह्याच पाटीतून, म्हणजे माझं इंग्रजी मावशीच्या भाकरीवर पोसलेलं.

गावात आडते, किराणावाले आणि दोन हॉटेलवाले ह्यांचं एक व्यापारी मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष धान्याचे आडते होते. मुंबईला कुणाच्या तरी लग्नाला गेले आणि येताना नवा शब्द घेऊन आले.

"बाई, आता मंडळ नको. चेंबर ऑफ कॉमर्स म्हणायचं. मंडळ म्हटलं की लोक गणपतीची वर्गणी मागायला येतात. तुम्ही आम्हाला इंग्रजीत नियम लिहून द्या."

मला त्याचा आनंदच झाला होता, हे आधी कबूल करते. शाळेतला जाडा शब्दकोश काढून मी अर्थ बघितला आणि त्यांना समजावून सांगितला. चेंबर म्हणजे मुळात खोली. खोलीत जमून विचार करणाऱ्या लोकांनाही पुढे तेच नाव पडलं. चेंबर ऑफ कॉमर्स म्हणजे एका गावच्या व्यापार करणाऱ्या लोकांनी आपल्या हितासाठी आपखुशीनं केलेली सभा. ती सरकारी नसते. तिनं अर्ज करावेत, गाऱ्हाणी मांडावीत, सगळ्यांच्या वतीनं बोलावं. हुकूम काढायचा अधिकार तिला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम तीनमध्ये मी लिहिलं की गावात व्यापार करणाऱ्या कोणालाही सभासद होता येईल. तोही मी मराठीत वाचून दाखवला आणि तोही सगळ्यांनी मान्य केला.

मग पाटी लागली, गोल शिक्का आला आणि पंधरा दिवसांत त्या शब्दाचा अर्थ गावानं स्वतःच ठरवला. टांगेवाला टांगा कुठं उभा करायचा, हे चेंबरला विचारू लागला. निमोण्याहून आलेला एक शेतकरी तर चेंबरचे साहेब कधी बसतात म्हणून मला विचारायला आला. अध्यक्षांनी कुणालाही खरं सांगितलं नाही. कशाला सांगतील? फुकटची साहेबी कुणाला नको असते!

एका सकाळी मालधक्क्याच्या फाटकाशी तांबड्या अक्षरांची इंग्रजी पाटी दिसली. इथं बसून कोणी काही विकू नये, बाय ऑर्डर, चेंबर ऑफ कॉमर्स. ती मी लिहिलेली नव्हती. पेंटरला परस्पर सांगून करून घेतलेली होती. दौंड हे रेल्वेचं गाव. रूळ ओलांडू नका, इथं थुंकू नका, असले सगळे हुकूम इंग्रजी पाटीवर येत आणि मोडले की दंड होई. त्यामुळं तांबडं इंग्रजी दिसलं की ते सरकारचं, एवढं त्या बायकांना पक्कं माहीत होतं. एकीनंही वाद घातला नाही. भाकरीच्या पाट्या उचलल्या आणि उठल्या. दुपारी हमाल हॉटेलात गेले. पाटी कुणाच्या सोयीची होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी शाळेतून आले तर मावशी भरलेल्या पाटीपुढं बसलेली.

"सरकारनं उठावलं गं," ती म्हणाली.

"सरकार नाही मावशी. ते आडत्यांचं मंडळ आहे. त्यांना कुणाला उठवता येत नाही. उलट तूच त्यांची सभासद होऊ शकतेस. तसा नियम आहे, मी लिहिलाय."

"म्या? भाकरीवाली?"

"तू व्यापार करतेस ना?"

ती हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "मी मेंबर झाले तर मला उठवत्याल का?"

"सभासदालाच कसं उठवतील?"

मी अर्ज लिहिला, तिनं अंगठा दिला. पुढच्या बैठकीला ती धुवट लुगडं नेसून माझ्याबरोबर आली. तिला आत घेतलं नाही. ती बाहेर ओट्यावर दाराला टेकून बसली. मी आत, कारण इतिवृत्तही इंग्रजीतच हवं म्हणून ते लिहायचं काम माझ्याकडंच आलं होतं.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं आडतीवर भाव तोंडानं ठरत नसे. आडत्या हातावर उपरणं टाकी, घेणारा खालून हात घाली आणि बोटं दाबून भाव सांगे. बघणाऱ्याला नुसतं हलणारं कापड दिसे. आयुष्यभर हेच केलेल्या ह्या लोकांनी मतदानही तसंच सुरू केलं होतं. अध्यक्ष उपरणं घेऊन एकेकापुढं जात. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. शेवटी अध्यक्ष सांगतील तो निकाल, आणि मी दरवेळी मुकाट्यानं 'सर्वानुमते' असं लिहीत आले होते.

त्या दिवशी उपरणं फिरलं. एका हॉटेलवाल्यानं हात बाहेर काढताना मिशीत हसून घेतलं, ते मी पाहिलं. अध्यक्ष जागेवर येऊन बसले.

"अर्ज नामंजूर. सर्वानुमते. लिहा बाई. ह्यापुढं पक्कं दुकान असेल तोच सभासद, असंही लिहा."

'उपरणं बाजूला करा, बोटं दाखवा' हे शब्द जिभेवर आले होते. पण अध्यक्ष शाळेच्या कमिटीवर होते. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी पेन उचललं. आणि वहीत इंग्रजीत लिहिलं: मतदान कापडाखाली झालं. कोणी काय मत दिलं ते मला दिसलं नाही. नियम तीनप्रमाणे ही बाई सभासद होण्यास पात्र आहे. तिला नाकारणं ही लबाडी आहे.

वही फिरली. एकालाही इंग्रजी वाचता येत नव्हतं. अकराजणांनी लबाडीखाली झोकदार सह्या केल्या आणि अध्यक्षांनी वर शिक्का मारला. "बाईंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे," असंही म्हणाले.

घरी येताना मी रागानं आणि आनंदानं फुलले होते. मावशीला सगळं सांगितलं. कशी जिरवली, त्यांच्याच सहीनं त्यांना लबाड ठरवलं, वही आहे तोवर ते राहील, असं काय काय. घराशी आल्यावर ती म्हणाली, "मी दाराशी कान लावून बसले व्हते. तुजा आवाज न्हाई आला."

"मी लिहिलं ना."

"त्यास्नी कळलं?"

"नाही."

"मला वाचाया आलं आसतं?"

"नाही."

"मंग तू बोललीस कुणाशी?"

ती चिडून बोलली असती तर मी वाद घातला असता. ती नुसतं विचारत होती. अध्यक्षांवरचा राग, हॉटेलवाल्यावरचा राग, सगळा तसाच होता, पण तो आता माझ्याकडं तोंड करून उभा राहिला.

मावशी नदीच्या वाटेला बसू लागली. तिकडं हमाल येत नसत. भाकरी उरत, आणि संध्याकाळी आम्ही दोघी त्याच खायचो. महिन्याभरानं मी चेंबरचं काम सोडलं. चांगला कडक, झोंबणारा राजीनामा लिहिला, आणि तोही इंग्रजीत.