पोदेराचा भोंपू

आमच्याकडे पाववाल्याला पोदेर म्हणतात. सायकलच्या मागे टोपली, हँडलला रबरी भोंपू, आणि सकाळी सातला सगळ्या वाड्याला पों-पों करून उठवायचा जन्मसिद्ध हक्क. माझ्या आईचं आणि पोदेराचं नातं माझ्यापेक्षा जुनं. भोंपू ऐकला की ती हातातलं टाकून फाटकाशी जायची आणि घरासाठी चार उंडे, म्हणजे गोल पाव, आणि स्वतःपुरती दोन काकणं घेऊन यायची. काकण म्हणजे बांगडीसारखा कडक पाव. चहात बुडवल्याशिवाय तो दातांना दाद देत नाही.

त्या श्रावणात ती लाटंबार्से गावातल्या आमच्या घरी फाटकाच्या पायरीवर शेवाळावरून घसरली. खुबा मोडला. सगळ्यांना मी सांगितलं, तुयेच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलो होतो, गाढ झोपेत होतो. खोटं. मी जागा होतो. भोंपू ऐकला होता. पाऊस पडतोय, आज आपण जावं, असं मनातही आलं होतं. मग कूस बदलली. आई जाईलच की.

ऑपरेशननंतर घरी बघायला कोण? डिचोलीकडच्या एका वृद्धाश्रमात तिला ठेवलं. वॉकर धरून ती चालायला लागली, पण कशी? तर तिथल्या पोदेराच्या भोंपूवर! भोंपू वाजला की ती आणि खोलीतल्या दोघी आजी अशा तिघींची वरात फाटकाकडे निघायची. गुडघे कुरकुरायचे, तोंडं त्याहून जास्त. एकदा आई जरा डगमगली. नुसती डगमगली. मला ती शेवाळाची पायरी आठवली.

दुसऱ्या दिवशी मी पोदेराला रस्त्यावरच गाठलं. "ह्या फाटकापाशी भोंपू वाजवू नको रे बाबा. म्हातारी माणसं धावतात, पडतात. पाव मागच्या खिडकीत ठेव."

"बरें," तो म्हणाला. भला माणूस.

महिन्याभराने मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेतलं. "आई उठतच नाहीत हो. गुडघे धरलेत. उभं करायला गेलं की 'पडान, पडान' म्हणून ओरडतात. दोघी आजींचंही तेच. असंच चाललं तर कायमच्या खाटेवर."

मी आईच्या खाटेवर बसलो. "आये, चालत का नाहीस?"

तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कोणाक सांगा नको. माझे कान गेले."

"काय?"

"पोदेर कधी येता नि कधी जाता, कळणाच नाय. भोंपू आयकाक येणा नाय. डोळे अर्धे, कान पुरे गेले. अशा माणसान चलान खंय आपटाचा?"

पलीकडच्या खाटेवरची आजी ताडकन वळली. "अगो, तुजे पण? माका वाटला माझेच!"

तिसरी नुसती मान हलवत होती. तिघी महिनाभर आपापलं बहिरेपण एकमेकींपासून लपवून बसल्या होत्या, आणि दबक्या आवाजात केलेलं हे सगळं बोलणं तिघींना स्वच्छ ऐकू येत होतं.

हसू येत होतं. म्हटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. भोंपू मी बंद करवला, हे सांगितलं. आणि त्याच दमात पायरीचंही. जागा होतो, कूस बदलली, तेही.



"जागो होतंस, ता माका म्हायत आसा," आई म्हणाली. "झोपलंस तर घोरतंस. त्या दिवशी घोरणा नाय होतंस." मग एकदम आवाज चढला. "पण माझे कान? महिनोभर माका भेरी केलंस, गाढवा!"

पोदेराला मी पुन्हा सांगून ठेवलं, आणि दुसऱ्या सकाळी फाटकाशी भोंपू वाजला. तिघी उठल्या. आई वॉकर टेकत, दर पावलाला "आयs गे" करत अंगणात आली आणि तुळशीपाशी थांबली. पोदेर पावाची पिशवी घेऊन पुढे यायला लागला.

"थंयच रव!" ती ओरडली. "मी येतंय."

मी तिच्या मागे, दोन्ही हात पसरून, वाकून, पावलाला पाऊल लावून सरकत होतो. तिने मान न वळवता विचारलं, "ढोरां हाकतंस काय? हात खाली कर."

पोदेराने आणखी एकदा भोंपू दाबला. मी हात खाली केले आणि खिशात कोंबले. बाहेर राहिले असते, तर त्यांनी ऐकलं नसतं.