चिठ्ठीतले माकड

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली होती. मी गोंदिया ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक अँग्लो-इंडियन गार्ड वारले. कलकत्त्याहून आलेल्या त्यांच्या पुतण्याने फिर्याद दिली: काकांचे पाचशे रुपये चोरीस गेले. खबऱ्याने सांगितले, रक्कम त्यांच्या स्वयंपाकीणबाईच्या घरी आहे.

पंचांसमक्ष झडती घेतली. धानाच्या कोठीत शंभराच्या पाच नोटा आणि एक इंग्रजी चिठ्ठी निघाली.

“साहेबानं देल्लन जी मले. मी चोरू कायले?” बाई म्हणाली. चिठ्ठीत काय आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

मी वाचली: ‘माझे माकड बाईला. तिने माझे म्हातारपण सांभाळले.’ खाली सही आणि तारीख. गार्डाच्या घरी माकड कधी कोणी पाहिले नव्हते. पुतण्या हसला. “अंकल का दिमाग चल गया था। बंदर इसको दीजिए, पैसा मुझे।”

दोन दिवस बाईला ठाण्यात बोलावून उलटसुलट विचारले. जबाब तसूभरही हलला नाही. अटकेचा कागद तयार होता. तेव्हा हेडकॉन्स्टेबल म्हणाले, “साहेब, बोली त्यायची, अर्थ आपन लावून राहिलो. त्यायच्यातल्याच कोनाले इचारा ना.”

चिठ्ठी घेऊन आम्ही गार्डाच्या रेल्वेतल्या जुन्या सोबत्याकडे, एका वृद्ध अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरकडे गेलो. तो म्हणाला, “मंकी मतलब पाँच सौ, साहब। पोनी पच्चीस। गोरे सोल्जर बोलते थे, पुराने नोट पे बंदर छपता था। हमने तो नहीं देखा।” तशी नोट पुढे मलाही कधी आढळली नाही, शब्द मात्र खरा होता. चिठ्ठीच्याच तारखेला गार्डाने पोस्टातून पाचशे काढले होते, हे पासबुकावरून दिसले.

पुतण्याला बोलावून मी सहज विचारले, “पोनी म्हणजे किती?”

“पच्चीस,” तो लगेच म्हणाला.

“आणि मंकी?”

त्याने मान खाली घातली. अर्थ त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होता.

त्या दिवसापासून समोर आलेला कागद मी लिहिणाऱ्याच्या बोलीत वाचायला शिकलो. खरे बोलणारा माणूस किती शांत बसू शकतो, हे मात्र त्या बाईने शिकवले.

नोटा परत करताना मी तिला चिठ्ठी समजावून सांगितली. तिने विचारले, “म्हंजे साहेबानं मले माकड नाई म्हटलन?”

“नाही.”

“म्हटलं असतं तरी चाललं असतं जी,” ती म्हणाली. “चोर तं तुमी म्हनत होते.”