पळसाखालची टिकली

राष्ट्रीय उद्यानातल्या पाणवठ्यांसाठी आमच्या सोसायटीने रहिवाशांची चित्रं विकायला मांडली होती. विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावायचं काम माझ्याकडे होतं. बायकोने काढलेला पळस मीच दिला होता. ती गेल्यावर, हिशेबाने पाहता, एकट्या माणसाला भिंतीवर एवढी फुलं जास्तच होती. तरी तो विकला जाऊ नये, असं सकाळपासून वाटत होतं.

दुपारी समोरच्या वहिनींनी तो घेतला.

"भावजी, टिकली लावा पटकन. दुसरं कुणी पळवेल!"

मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

"की द्यायचाच नाही?" त्या हसल्या.

मी टिकली लावली. उन्हाळ्यात पाणवठा भरेल, सांबरं पाणी पिऊन निघून जातील. ते पाणी कुणाच्या भिंतीवरून आलं, हे त्यांना कळायचं कारण नाही. देणं असंच असावं. पण देणाऱ्याला घरी परत जावं लागतं.

"हे झाड खरंच आहे का हो?"

"आहे. उद्यानात, तळ्याच्या वाटेवर."

"मग फुललं की दाखवा आम्हाला."

"दाखवतो," म्हणालो. एकट्याने तिकडे जाणं मला अजून जमलेलं नाही.