डोळा दाखव

पुण्याहून फोन आला तेव्हा मी सेनगावच्या घरातून शाळेत शिकवायला निघाले होते. ताईच्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी होता. "मॅडम गेल्या," एवढंच बोलला. मला आधी आठवली ती गेली दिवाळी. एसटीत चढण्याआधी तिनं भर स्टँडवर माझी खालची पापणी ओढून पाहिली होती. "डोळा दाखव... हं, ठीक आहे. गूळ-शेंगदाणे खात जा." चाळिशी ओलांडलेल्या बहिणीचा डोळा असा चारचौघांत तपासतात का? पण ताईला कोण सांगणार.

माझ्या जन्मानंतर आई गेली. अंगात रक्तच नव्हतं, एवढंच मोठी माणसं बोलली. ताई तेव्हा नऊ वर्षांची. मला तिनंच वाढवलं आणि पुढं शिकून त्या रक्ताच्याच मागं हात धुऊन लागली. गरोदर बाईच्या आतड्यातले जिवाणू तिला किती पोसतात आणि तिचं किती खाऊन टाकतात, हे ताईला पाहायचं होतं. पुण्यात ती यीस्टमध्ये, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या त्या बारीक जिवात, फेरफार करत होती. रोजच्या आंबिलीतूनच बाईला रक्तवाढीचं जीवनसत्त्व मिळावं, हे तिचं स्वप्न.

नव्वदचं दशक सरताना ती आमच्याकडच्या एका तांड्यावर शौचाचे नमुने गोळा करायला येऊ लागली. "ताई, एवढं शिकून हेच का गोळा करायचं?" मी चिडवायचे. तीही हसायची. एकदा मात्र चक्रावून आली. तांड्यावरच्या सोनाबाईच्या दोन्ही सुना गरोदर होत्या; दोघींच्या नावच्या डब्या वेगळ्या, पण आतली जिवाणूंची वस्ती एकाच बाईची!

आम्ही तांड्यावर गेलो. सोनाबाईनं शांतपणे सांगितलं, "दोन्हीत माझंच व्हतं. पोटुशा बाईचं काही परक्याच्या हाती देत नसतेत, बाई. करणी व्हते. तुमाला डब्या भरून पाह्यजे व्हत्या, दिल्या भरून."

ताई पोट धरून हसली. "बरं, सुनांना नुसतं बघू तरी द्या."

धाकटी पुढं आली. सातवा महिना होता. ताईनं तिची पापणी ओढली आणि हसायची थांबली. पापणी आतून कापसासारखी पांढरी होती.

"काहून गप्प झाल्या?"

"माझी आई अशीच गेली, सोनाबाई."

ताईच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते... सोनाबाईनं सुनेकडं पाहिलं. मग म्हणाली, "जीप बलवा."

हिंगोलीत रक्त चढवलं. पुढं मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेव्हापासून सोनाबाई स्वतःच तांड्यातल्या डब्या आणून द्यायची, "बराबर ज्याचं त्याचं हाय" म्हणत.

ताईचं यीस्ट अजून काचेच्या बशीतच आहे, आंबिलीपर्यंत पोचलं नाही. ते अर्धं राहिलं याचं मला फार वाईट वाटतं.

तेराव्याला सोनाबाई आली, धाकट्या सुनेला आणि तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला घेऊन. घरात माणसं होती, मी सगळ्यांशी नीट बोलत होते. ती समोर बसली, खरबरीत अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली आणि बराच वेळ बघत राहिली.

"जेवून न्हाई राहिली तू," म्हणाली. मग सुनेकडं वळली. "भाकरीचं गठुडं सोड गं."

तेव्हा कुठं मला रडू आलं.