बुडणारा हिरो

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका रिटायर झालेत, पण कॉमिक वाचताना अजूनही जीभ बाहेर काढतात. त्यांच्या लाडक्या अंकाचं शेवटचं पान लहानपणीच फाटलंय. केपवाला हिरो धरणाच्या पाण्यात बुडतोय, तिथेच गोष्ट थांबते.

ठाण्याच्या एका रद्दीवाल्याकडे मला तोच अंक अख्खा सापडला. मोठा तीर मारल्यासारखा मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी अंकाला हातही लावला नाही.

"शेवट आहे ह्यात?"

"आहे की!"

"मग न्या परत. अहो, इतकी वर्षं त्याला मीच बाहेर काढतोय. ह्यात तो आपला आपण निघाला, तर मी काय करायचं?"

मला काही कळेना. बायको म्हणाली, "नसते उद्योग सांगितलेत कुणी?" मी गुपचूप शेवट वाचला. हिरो सहज पोहून बाहेर आला होता.

सकाळी काकांनी मला जिन्यातच अडवलं. "वाचलंत?"

"छे हो!"

"मग या आत. काल नवीनच युक्ती सुचलीये."

मला ऑफिसला उशीर होत होता, पण हिरो अजून पाण्यात होता. मी चपला काढल्या.